दहा मीटर एअर पिस्तूल: घरातली तयारी

पिस्तुलाची काडतुसं घरी भरता येतील का, असं पुण्यात नेमबाजीकडे नव्याने वळलेले बरेच जण विचारतात. परदेशातल्या गॅरेजमध्ये प्रेस, पावडर, प्रायमर मांडून बसलेली माणसं व्हिडिओत दिसतात, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे ते करता येत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि जवळ पिस्तूल बाळगण्याचा परवाना असला तरी त्यात तो धरलेला नसतो. म्हणून तो विषय इथेच ठेवतो.

पण रीलोडिंग, म्हणजे घरी काडतुसं भरण्याचं काम, करणाऱ्याला मुळात हवं असतं ते एवढंच, की प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच जावी. हा ध्यास दहा मीटर एअर पिस्तुलात घरबसल्या आणि कायद्यात राहून पुरा करता येतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० जूलपर्यंतची ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. विकत घेताना ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. बिल जपून ठेवा आणि त्याची एक प्रत पिस्तुलाच्या पेटीतच असू द्या. बालेवाडीच्या रेंजवर दुचाकीवरून जाताना पेटी कुणी उघडायला लावली तर तीच उपयोगी पडते.

सुरुवात करण्यापूर्वी टार्गेटची मापं डोक्यात पक्की बसवावीत, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरून ठरतात. दहाची रिंग ११.५ मिलिमीटर व्यासाची. पुढची प्रत्येक रिंग व्यासाने १६ मिलिमीटरने वाढत जाते, म्हणजे दोन रिंगांमध्ये ८ मिलिमीटर. काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा, त्यात सात ते दहा येतात. छऱ्याची कड रिंगच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे छऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ.

आता चूक कुठून किती येते ते मोजू. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणांमधलं, अंतर साधारण ३३० मिलिमीटर धरा. मागच्या खाचेत पुढची साइट १ मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर छरा सुमारे ३० मिलिमीटर सरकतो. दहाचा सात होतो. हात मात्र साइट्स नीट जुळलेल्या ठेवून टार्गेटवर ८ मिलिमीटर डोलला, तर छराही ८ मिलिमीटरच जातो आणि दहा टिकतो. नवशिक्याचं लक्ष हाताच्या डोलण्याकडे असतं, आणि गुण जातात साइट्स बिघडण्यात. छऱ्याचा वाटा या दोन्हींपेक्षा किती लहान आहे ते पुढे येईलच.

घरात दहा मीटर सरळ अंतर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये क्वचितच मिळतं. दिवाणखान्याच्या टोकापासून आतल्या खोलीच्या भिंतीपर्यंत पॅसेजमधून मोजून पाहा. नऊ मीटर भरले तर ‘एक मीटरने काय होतंय’ म्हणून ओढाताण करू नका. त्यापेक्षा पाच मीटर धरा आणि टार्गेट अर्ध्या मापाचं छापा: काळा भाग २९.७५ मिलिमीटर. ड्राय प्रॅक्टिसला, म्हणजे छरा न भरता केलेल्या सरावाला, ते पुरतं, कारण डोळ्याला चित्र तेवढंच दिसतं. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. रेंजवर टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड असावा लागतो. घरी एक एलईडी स्पॉट फक्त कार्डावर पडेल असा लावला आणि तो डोळ्यात येणार नाही अशी आडोशाची पट्टी बसवली की काम होतं.

खरे छरे मारायचे असतील तर ट्रॅप, म्हणजे छरे अडवणारी पेटी, आधी; पिस्तूल नंतर. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेरचा छरा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघतो, म्हणजे साडेपाच जूल. ही ऊर्जा डोळा कायमचा घालवायला भरपूर आहे. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटर प्लाय कापून घ्या आणि साधारण ३० सेंटीमीटर उंचीरुंदीची, पुढून उघडी पेटी करा. आत ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट अशी बसवा की तिची वरची कड नेमबाजाकडे आणि खालची कड मागे राहील, कोन ४५ अंशांचा. छरा तिच्यावर आपटून खाली जातो. खाली जाड सतरंजीचे किंवा गालिच्याचे तुकडे अंथरले की तो तिथेच थांबतो आणि आवाजही कमी होतो. प्लेट उभी, काटकोनात लावली तर शिसं चपटं होऊन त्याचे कण तुमच्याकडे परत येतात. हाच दोष घरगुती ट्रॅपमध्ये सर्वांत जास्त दिसतो. ट्रॅपच्या मागे पक्की भिंत हवी. खिडकी, बाल्कनी किंवा गच्चीच्या दिशेला कधीच तोंड नको. ज्या दारातून कुणी मध्येच येऊ शकतं ते कडी लावून बंद, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

हातात नसेल तेव्हा पिस्तुलाच्या नळीतून सेफ्टी फ्लॅग आरपार घातलेला हवा. ही नारिंगी दोरी ब्रीचमधून, म्हणजे छरा भरायच्या जागेतून, दिसली की नळी रिकामी आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला लांबून कळतं. घरात ती सवय लागली की रेंजवर कुणी टोकावं लागत नाही.

हवेबद्दल जरा सविस्तर, कारण इथे निष्काळजीपणा महागात पडतो. मॅच पिस्तूल दाबलेल्या हवेवर चालतं; त्याची हवेची सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. मोठ्या डायव्हिंग सिलिंडरवरून भरत असाल तर व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, काटा सावकाश चढू द्या. झटक्यात भरली की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८० च्या आसपास उतरतो. हातपंपाने भरताना मधे थांबत भरा. पंप गरम होतो आणि पावसाळ्यात त्यातून पाणी सिलिंडरमध्ये जातं. जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत ओलावा इतका असतो की पंपाच्या ड्रायरमधली सिलिका जेल दर काही भरणांनंतर तव्यावर मंद आचेवर सुकवून घ्यावी लागते, आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

सिलिंडरमध्ये कधीही ऑक्सिजन भरू नका. वेल्डिंगवाल्याकडे दाब तयार मिळतो म्हणून हा विचार लोकांच्या मनात येतो. उच्च दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा किंवा ग्रीसचा अंश पुरतो आणि स्फोट होतो. साध्या हवेतही ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, शिलाई मशीनचं तेल किंवा गाडीचं ग्रीस लावू नये, सिलिकॉन ग्रीसच, तेही बोटावर जेमतेम दिसेल एवढं. सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहा. कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि स्पर्धेत मुदत संपलेली सिलिंडर चालत नाही. जुनं पिस्तूल विकत घेताना लोक नळी आणि ग्रिप पाहतात, ही तारीख पाहायची राहते, आणि नवीन सिलिंडरचा खर्च मागाहून अंगावर येतो.

एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिकीत पिस्तूल ठेवू नका. २५ अंशांना २०० बार भरलेली सिलिंडर ६० अंशांना सव्वादोनशे बारच्या जवळ जाते. घरी ठेवताना सिलिंडर काढून वेगळी ठेवावी, त्यात थोडा दाब शिल्लक असू द्यावा. पूर्ण रिकामी केली की आत दमट हवा शिरते. गळती आहे अशी शंका आली तर व्हॉल्व्हचं टोक ग्लासभर पाण्यात धरा. बुडबुडे आले तर ओ-रिंग बदला. सिलिंडर पान्याने कधी आवळायची नाही, हाताने बसते तेवढी पुरे.

आता छरे. पेपर टार्गेटसाठी चपट्या तोंडाचे, म्हणजे वॅडकटर छरे लागतात. टोकदार छरे कागद फाडतात आणि भोक गोल पडत नाही. आरडब्ल्यूएस आर-१० चा पिस्तुलासाठीचा छरा ०.४५ ग्रॅमचा आणि एच अँड एन फिनाले मॅचचा ०.४९ ग्रॅमचा येतो. रायफलसाठीचे दोन्हीकडे ०.५३ ग्रॅमचे. डब्यावर वजनाशिवाय आणखी एक आकडा असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. हा छऱ्याच्या डोक्याचा व्यास. तुमच्या पिस्तुलाच्या नळीला यातला कोणता मानवतो हे नळीलाच विचारावं लागतं, दुसऱ्याच्या त्याच मॉडेलवरून सांगता येत नाही.

ते तपासायचं तर पिस्तूल हातात धरून उपयोग नाही. हाताचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, चाळीस-पन्नास मिलिमीटरचा असताना छऱ्यांमधला मिलिमीटरभराचा फरक त्यात दिसणारच नाही. पिस्तूल टेस्ट स्टँडमध्ये, रबराच्या पट्ट्या घालून फ्रेमवर आवळा. नळीला किंवा सिलिंडरला शिकंजा लागता कामा नये. प्रत्येक मापाचे किमान दहा छरे एकाच कार्डावर मारा. पाच छऱ्यांचा सुंदर ग्रुप योगायोगानेही पडतो. मग व्हर्नियरने ग्रुपची बाहेरून बाहेर लांबी मोजा आणि ४.५ वजा करा, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. कार्ड जाड, टार्गेटसाठीचंच घ्या. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या साध्या बाँड पेपरवर छापलेलं टार्गेट ड्राय प्रॅक्टिसला उत्तम, पण त्यावर भोकाच्या कडा फाटतात आणि माप चुकतं. जो आकार जुळला त्याच लॉट नंबरचे जमतील तेवढे डबे एकदम घेऊन ठेवा. पुढचा लॉट वेगळा वागू शकतो.

छरे वजन करून वेगळे करावेत का, हा रीलोडिंगवाल्यांच्या वळणाचा प्रश्न. गणित करून पाहू. दहा मीटर जायला छऱ्याला सुमारे ०.०६७ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो साधारण २२ मिलिमीटर खाली येतो. ०.४९ ग्रॅमच्या छऱ्यात ०.०१ ग्रॅमचा, म्हणजे दोन टक्क्यांचा फरक असेल तर वेगात एक टक्का फरक पडेल आणि तो छरा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वरखाली लागेल. त्यासाठी सराफाकडचा शतांश ग्रॅमचा काटाही पुरत नाही, मिलिग्रॅम दाखवणारा लागतो. माझं मत स्पष्ट आहे: पिस्तुलासाठी वजन करण्यात संध्याकाळ घालवू नये. त्याऐवजी स्कर्ट, म्हणजे छऱ्याची मागची पातळ घेर, नजरेखालून घाला. काचेवर छरा आडवा लोळवला की तो गोल फिरत एक कमान काढतो. चेपलेला असेल तर अडखळतो. डब्यात उसळून चेपलेले छरे सरावालाही वापरू नका. डब्यात वर स्पंजचा गोल तुकडा असतो, तो फेकून देऊ नका.

शिसं म्हणून काही नियम घरात सगळ्यांनी पाळायचे. छरे हाताळताना खाणंपिणं नाही, तोंडात छरा धरणं तर अजिबात नाही. नंतर साबणाने हात धुवा. ट्रॅपखालची जमीन झाडूने झाडू नये, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यावं. पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या छऱ्यांवर पांढरट थर येतो. तो शिशाचाच क्षार आहे, त्यामुळे असे छरे टाकून दिलेले चांगले. लहान मुलं असलेल्या घरात खऱ्या छऱ्यांचा सराव रेंजवरच करावा आणि घरी फक्त ड्राय, असं मी आग्रहाने सांगेन.

ट्रिगर. नियमात किमान वजन ५०० ग्रॅम. तपासायचं असं: पिस्तूल कॉक करून नळी सरळ वर धरायची, ट्रिगरवर ५०० ग्रॅमचं वजन अडकवून ते सपाट पृष्ठभागावरून उचलायचं, ट्रिगर सुटला नाही तर पास. घरी आकडा लावलेल्या बाटलीत पाणी भरून आकड्यासकट ५०० ग्रॅम करा, किचनचा डिजिटल काटा इथे पुरतो. ट्रिगर ५१०-५२० वर ठेवा, कारण स्पर्धेच्या दिवशी थंडी-उन्हाने तो थोडा हलतो. पहिल्या टप्प्यात बहुतेक वजन, साधारण ३५० ते ४०० ग्रॅम, आणि दुसऱ्या टप्प्यात उरलेलं, अशी विभागणी सुरुवातीला ठेवा. दुसरा टप्पा फार हलका केला की बोट तिथे पोहोचण्याआधीच शॉट सुटतो, आणि घाबरून बोट पहिल्याच टप्प्यात अडायला लागतं.

ग्रिपवर मात्र हवा तेवढा वेळ घाला. खरी परीक्षा अशी: पिस्तूल पकडा, डोळे मिटा, हात खांद्याच्या उंचीला आणा, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. साइट्स मनगट न वळवता जुळलेल्या दिसल्या पाहिजेत. उजव्या हाताच्या नेमबाजाला पुढची साइट खाचेत डावीकडे दिसत असेल, तर तळहाताची टाच जिथे टेकते त्या उजव्या-मागच्या बाजूला वुड पुटी एकेक मिलिमीटर चढवा. बोहरी आळीत दोन भागांची, मिसळून लावायची पुटी मिळते. ती ओली असताना हाताला पातळ प्लास्टिक गुंडाळून पकड घ्या, ठसा उमटेल. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा, पण गुळगुळीत करू नका. पुण्याच्या उन्हाळ्यात तळव्याला घाम येतो आणि गुळगुळीत ग्रिप फिरते. ग्रिपवर हात खालून जिथे टेकतो ती फळी वर वळलेली नसावी, ग्रिपशी कोन नव्वद अंशांपेक्षा कमी नसावा, आणि मनगट मोकळं राहिलं पाहिजे. हे नियमातलं आहे. पुटी चढवता चढवता लोक नकळत ते मोडतात.

ड्राय प्रॅक्टिस. स्प्रिंग-पिस्टनच्या एअर पिस्तुलात ड्राय फायर करू नका, छऱ्याची अडवणूक नसली की पिस्टन आपटून सील जातं. मॅच पिस्तुलात त्यासाठी वेगळी सोय असते. पहिले काही आठवडे टार्गेट लावूच नका, कोरी पांढरी भिंत घ्या. पुढच्या साइटच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत, दोन्ही बाजूंचा उजेड सारखा. ट्रिगर सुटला त्या क्षणी आणि त्यानंतर एक-दोन सेकंद साइट कुठे गेली ते पाहत राहा. चष्मा असेल आणि चाळिशी उलटली असेल तर पुढच्या साइटपाशी नजर स्थिरावण्यासाठी दूरच्या नंबरात साधारण +०.५ ते +०.७५ वाढ लागते. ऑप्टिशियनकडे जाताना डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर मोजून न्या. मग टार्गेट लावलं की नेम काळ्याच्या मध्यावर धरू नका. काळ्याखालच्या पांढऱ्या पट्ट्यात धरा. काळी साइट काळ्यावर आली की तिच्या कडा दिसेनाशा होतात.

हात वर आल्यावर पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर खाली घ्या. त्यानंतर डोळा जुनंच चित्र दाखवत राहतो आणि आपल्याला वाटतं सगळं जुळलंय. खाली घ्यायची सवय घरात लागली नाही तर रेंजवर लागत नाही. वीस मिनिटं रोज, त्याहून जास्त नको. थकल्या खांद्याने केलेला सराव थकल्या खांद्याचीच सवय लावतो.

साइट झिरो करताना, म्हणजे छरे मध्यावर पडतील अशी ती लावताना, एक गोष्ट. काही कंपन्यांच्या स्क्रूवरचा बाण ‘शॉट तिकडे जातोय’ असं सांगतो, काहींचा ‘शॉट तिकडे नेतो’ असं. मॅन्युअल वाचा, आणि दहा क्लिक फिरवून ग्रुप किती मिलिमीटर सरकला ते एकदा मोजून पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा. एका शॉटवरून क्लिक फिरवू नयेत. पाच शॉटचा मध्य पाहा.

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या त्या आवारात, पहिल्यांदा पूर्ण कोर्स मारायला जाल तेव्हा इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, त्याआधी तयारी आणि सराव-शॉटची १५ मिनिटं. म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. त्यातली दहा-बारा सेकंदं हात वर असतो, उरलेला वेळ विश्रांतीचा. कार्ड वाचताना उजव्या हाताच्या नेमबाजाचे छरे खाली-डावीकडे पडत असतील तर बोट ट्रिगर सरळ मागे नेत नाही, झटका देतंय. नुसते खाली पडत असतील तर शॉटच्या अपेक्षेने मनगट मोडतंय. वर जात असतील तर तळव्याची टाच ढकलतेय. उभी रेघ पडत असेल तर हात श्वासाबरोबर वरखाली होतोय किंवा खांदा दमलाय. अशा वेळी दहा शॉटच्या मालिकेनंतर पिस्तूल टेबलावर ठेवा, फ्लॅग घाला, दोन-तीन मिनिटं खुर्चीवर बसा. आणि ग्रुप एकाच जागी घट्ट, पण मध्यापासून बाजूला असेल, तरच साइटच्या स्क्रूला हात लावा.